ठेव : एका आजारी करड्या पोपटाचे वर्ष

सकाळचे सव्वासहा वाजले की पुण्यातील त्या घरात वजनकाटा मांडला जाई. काटा सराफी, ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा. त्यावर लाकडाची एक आडवी दांडी बसवलेली. घरातील बारा वर्षांची नात पिंजऱ्याचे दार उघडून हात पुढे करी आणि राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा एक पक्षी सावकाश दांडीवर येऊन बसे. मग ती आकडा मोठ्याने वाची आणि तिचे आजोबा तो वहीत लिहीत. वही लाल कापडी बांधणीची, पेढीवर रोजमेळासाठी वापरतात तशीच. पहिल्या पानावर प्रथेप्रमाणे ‘श्री’ होता आणि त्याखाली पहिली नोंद होती : कार्तिक वद्य पंचमी, वजन ३४८ ग्रॅम.

घराण्याचा व्यवसाय भुसार मालाचा. मूळ गाव सांगलीकडचे, पुण्यात ही तिसरी पिढी. शेंगदाणा, डाळी आणि कडधान्ये यांच्या उलाढालीत आयुष्य गेलेल्या अण्णांना वजनाचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही पाच-दहा ग्रॅमच्या घटीने आपल्या हाताला कंप सुटेल, असे त्यांना त्यापूर्वी कधी वाटले नव्हते. आपल्या नावाचा गाजावाजा होऊ नये अशी या कुटुंबाची इच्छा असल्याने येथे नावे दिलेली नाहीत. गुप्तदानाचा संस्कार असलेल्या घराला ते साजेसेही आहे.

पाहुणा आला तेव्हा

पोपट आला तो एका प्राणिसेवी संस्थेमार्फत. आधीच्या मालकांनी घर बदलताना त्याला संस्थेच्या स्वाधीन केले होते. त्याची छाती आणि मांड्या पिसांवाचून उघड्या पडल्या होत्या, कारण आपली पिसे तो स्वतःच्याच चोचीने उपटत असे. उजव्या पंखाची मोठी पिसे कात्रीने कापलेली होती. याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याला झटके येत. दांडीवर बसलेला पक्षी अचानक तळाशी कोसळे, मान मागे वळे, पंख फडफडत आणि बोटे आवळली जात. मिनिटभराने तो उठून बसे आणि काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे पाहत राही.

संस्थेच्या जागेत कुत्री, मांजरे आणि इतर पक्षी यांचा गलबला फार. असा रुग्ण तेथे सुधारणे कठीण होते. प्रकृती स्थिरावेपर्यंत त्याला शांत घर देईल असे कुटुंब हवे होते. घरच्या सूनबाई त्या संस्थेत दर रविवारी सेवेला जात. त्यांनी घरात विचारले. अण्णांनी एकच प्रश्न केला, “किती दिवस?” उत्तर मिळाले, “बरा होऊन कायमचे घर मिळेपर्यंत.” अण्णा म्हणाले, “म्हणजे ठेव आहे. ठेव सांभाळू.”

त्या वेळी हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. त्याचा पूर्ण अर्थ उमगायला वर्ष जावे लागले.

पोपटाला बोलता येई, पण अगदी मोजके. फोनच्या घंटीची हुबेहूब नक्कल आणि दोन शब्द : “येतो हं!” घरातील कोणीही दाराकडे वळले की तो हे म्हणे. आधीच्या घरात किती माणसे किती वेळा त्याला एकटे टाकून बाहेर गेली असतील, याचा हिशेब त्या दोन शब्दांत होता.

आफ्रिकेच्या अरण्यातून

करडा पोपट हा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतील दमट अरण्यांचा रहिवासी. तेथे तो मोठ्या थव्यांनी राहतो, तेलताडाची फळे खातो, उंच झाडांच्या ढोलीत अंडी घालतो आणि जोडीदाराशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहतो. माणसाच्या घरात नीट निगा राखली तर तो चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. त्याच्या बुद्धीची ओळख जगाला करून दिली ती ॲलेक्स नावाच्या पोपटाने. अमेरिकन संशोधिका आयरिन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ॲलेक्सच्या मृत्यूपर्यंत, त्याचा अभ्यास केला. रंग, आकार आणि पदार्थ ओळखून तो त्यांची नावे सांगे आणि सहापर्यंतच्या वस्तूंची संख्याही सांगे.

हीच बुद्धी आणि बोलण्याचे हेच कसब या जातीच्या मुळावर आले. पिंजऱ्यासाठी अरण्यातून इतके पक्षी पकडले गेले की घानासारख्या देशात, जेथे पूर्वी त्यांचे थवेच्या थवे दिसत, तेथे आज ते क्वचितच आढळतात. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या ‘सायटीस’ परिषदेने करड्या पोपटाला परिशिष्ट एकमध्ये घातले आणि अरण्यातून पकडलेल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली. भारतातही वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणी अनिवार्य आहे. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले आणि नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर होते. पक्षी घरी आणण्यापूर्वी अण्णांनी संस्थेकडून कागदपत्रे मागून घेतली आणि ती स्वतः वाचली. बिलाशिवाय माल उचलायचा नाही, ही पेढीची शिस्त येथेही मोडली नाही.

दाण्याने दिलेले दुखणे

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंनी पोपटाचे रक्त तपासले आणि क्ष-किरण चित्र काढले. शिशासारख्या धातूची विषबाधा नाही याची आधी खात्री करून घेतली, कारण त्यानेही झटके येतात. दोष निघाला कॅल्शियमचा. करड्या पोपटांमध्ये रक्तातील कॅल्शियम घसरून झटके येण्याची प्रवृत्ती इतर पोपटांच्या मानाने अधिक असते. आधीच्या घरी हा पक्षी वर्षानुवर्षे केवळ सूर्यफुलाच्या बियांवर जगला होता. या बिया पोपटांना फार आवडतात, पण त्यांत स्निग्धांश पुष्कळ, कॅल्शियम अत्यल्प आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. त्यात भर म्हणजे पिंजरा कायम काचेच्या खिडकीमागे असे. शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी उन्हातील जे किरण लागतात, ते काच अडवते. खिडकीतून ऊन दिसत होते, पण त्याचा लाभ होत नव्हता.

अण्णांना याचे फार वाईट वाटले. त्या मालकांनी पक्ष्याला उपाशी ठेवले नव्हते. त्याचे भांडे रोज काठोकाठ भरलेले असे. भरल्या भांड्यापुढे बसून तो पक्षी कुपोषित झाला होता.

उपचाराची सुरुवात दवाखान्यात कॅल्शियमच्या इंजेक्शनांनी झाली. त्यानंतर घरी रोज पातळ औषध देणे, आहार हळूहळू बदलणे आणि ठरावीक काळ विशिष्ट दिव्याखाली किंवा मोकळ्या कोवळ्या उन्हात बसवणे, असा क्रम ठरला. औषधाचे प्रमाण डॉक्टरांनी वजनावर ठरवले आणि त्यात थेंबाचाही बदल करू नये असे बजावले. ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले तर झटका येतो आणि जास्त झाले तर मूत्रपिंड बिघडते.

पक्ष्याला टॉवेलमध्ये कसे धरावे, हे सूनबाई शिकल्या. मान आधाराने धरायची, पण छाती आवळायची नाही. पक्ष्याच्या शरीरात माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्याचा श्वास चालतो, म्हणून प्रेमाने घट्ट धरलेला पक्षीही गुदमरू शकतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्या बोटांवर तीन खोल जखमा झाल्या. त्यांनी त्या वहीत लिहिल्या नाहीत, पण नातीने लिहिल्या.

जैन स्वयंपाकघरातील पोपट

आहाराची यादी आली तेव्हा घरात थोडा पेच पडला. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी गाजर आणि रताळे, कॅल्शियमसाठी अंड्याचे कवच किंवा समुद्रफेन, असे त्यात सर्वसाधारणपणे सुचवलेले होते. कंदमुळे या घरात येत नाहीत. समुद्रफेन म्हणजे माकुळीच्या जातीतील एका सागरी जीवाच्या शरीरातील कवच, हे डॉक्टरांकडून कळल्यावर आजींनी कानांवर हात ठेवले. एका जीवासाठी दुसऱ्याचे अवशेष कसे आणायचे?

डॉक्टर स्वतः जैन नव्हत्या, पण हा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. पर्याय पुष्कळ होते. गाजराचे काम तांबडा भोपळा, लाल ढोबळी मिरची, पपई आणि आंबा करू शकत होते. कॅल्शियमसाठी खनिजापासून तयार झालेले औषध होतेच, शिवाय शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर आणि शिजवलेली नाचणी. पालक मात्र बेताने, कारण त्यातील आम्ल कॅल्शियम बांधून टाकते. तयार दाणेदार आहाराच्या पाकिटावरील घटक नातीने भिंग घेऊन वाचले आणि अंडे नसलेला आहार निवडला.

काही बाबतींत तर या घराची रीत पक्ष्याला आयतीच मानवली. कांदा आणि लसूण पक्ष्यांना अपायकारक असतात आणि येथे ते मुळी नव्हतेच. पोपटाला रोज दहा-बारा तास शांत अंधाराची झोप लागते. घरातील मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवत, त्यामुळे संध्याकाळी भांड्यांचा खडखडाट नसे आणि दिवेही लवकर मंद होत.

काही सवयी मात्र बदलाव्या लागल्या. नॉनस्टिक तवा अतिशय तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. ते तवे गेले आणि बिडाचा जुना तवा माळ्यावरून खाली आला. डासांची कॉइल आणि अत्तराचे फवारे बंद झाले. पक्ष्याची फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या इतक्या नाजूक असतात की धुपाचा धूरही त्यांना बाधतो. आजींनी पूजेतील धूप मागच्या सज्जात, दार लावून, लावायला सुरुवात केली. गोदामातून आलेले कपडे दारातच बदलण्याचा नियम झाला. कोंदट धान्यावरील आणि शेंगांवरील बुरशीचे कण श्वासात जाऊन या जातीच्या पोपटांना जीवघेणा विकार होतो, हे कळल्यावर शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात शेंगदाणा पोपटापुरता वर्ज्य ठरला.

मार्गशीर्षातील पहिल्या चतुर्दशीला नवाच प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी घरात हिरवी भाजी चिरत नसत. पोपटाचा पाला चिरायचा की नाही? सूनबाई विळीपाशी थांबल्या. निर्णय आजींनी दिला. “नेम आपण घेतलाय, त्याने नाही. आपल्या नेमासाठी त्याचं पोट तोडलं तर तो दोष वेगळा.” श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे हा एक आहे. आजींनी शास्त्राचे नाव घेतले नाही. त्यांना ते पाठ होते.

अण्णांचा प्रश्न

त्याच पाच अतिचारांतील पहिला आहे बंध, म्हणजे प्राण्याला बांधून किंवा कोंडून ठेवणे, आणि दुसरा एक आहे छेद, म्हणजे अवयव कापणे. पोपटाच्या कापलेल्या पंखांकडे पाहताना अण्णांना हे रोज टोचत असे. कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून विवाहमंडपाच्या वाटेवरून रथ माघारी वळवणाऱ्या नेमिनाथ प्रभूंची कथा त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. आपल्या घरात मात्र पिंजरा होता.

एके दिवशी दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना विचारले, “हा बरा झाल्यावर याला सोडून द्यायचा ना?” त्यांच्या मनात दिल्लीचे पक्षी रुग्णालय होते. लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी असलेल्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात हे धर्मादाय रुग्णालय आहे. १९२९ साली सुरू झालेल्या या सेवेचा एक नियम प्रसिद्ध आहे : बरा झालेला पक्षी पुन्हा पिंजऱ्यात जात नाही, तो आकाशात सोडला जातो. तरुणपणी यात्रेला गेले असताना अण्णांनी तेथे दान दिले होते.

डॉक्टर म्हणाल्या, “अण्णा, तिथली कबुतरं आणि राघू या मातीतले आहेत. त्यांना झाडं ठाऊक आहेत, पाणी ठाऊक आहे, थवा आहे. याचं अरण्य समुद्रापलीकडे आहे आणि ते यानं बहुधा पाहिलेलंही नाही. याला दाणा शोधता येत नाही, घार ओळखता येत नाही. औषध चुकलं तर हवेतच झटका येईल. याला सोडणं म्हणजे मोकळं करणं नव्हे, टाकून देणं आहे.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःच एक जुनी गोष्ट काढली. त्यांचे वडील दर पर्युषणात बाजारातून पोपटांचे पिंजरे विकत घेत आणि मंदिराच्या गच्चीवरून पक्षी सोडत. मुलांना तो सोहळा वाटे. डॉक्टरांनी आदराने पण स्पष्ट सांगितले, “भाव कोणामुळे टिकतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? गिऱ्हाईक कोणत्या हेतूनं घेतं, हे विक्रेता पाहत नाही. सणाच्या आधी मागणी वाढते हे पारध्याला कळलं, की तो जास्त ढोली लुटतो. पकडताना आणि वाहतुकीत मरणारे पक्षी त्या गच्चीपर्यंत पोहोचतच नाहीत.”

मागणी-पुरवठ्याचा हा हिशेब अण्णांनी आयुष्यभर केला होता, पण जीवदयेच्या खात्यावर तो कधी मांडून पाहिला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी वहीत त्या दिवसाच्या वजनाखाली एक ओळ लिहिली : “वडिलांचा भाव शुद्ध होता. रीत बदलावी लागेल.”

त्या आठवड्यात बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या सज्जाला बारीक जाळी लागली. फांद्या बांधल्या, चावायला लाकडाचे तुकडे टांगले. पिंजरा फक्त रात्रीच्या झोपेपुरता उरला.

आजींच्या हातची नोंद

माघ उजाडला तेव्हा वजन ३९० ग्रॅमच्या पुढे गेले होते. सात आठवडे एकही झटका नव्हता. छातीवर राखाडी लव दिसू लागली होती. घर निर्धास्त झाले होते.

नवीन आहाराची मात्र पोपटाला पुरती गोडी लागली नव्हती. भोपळ्याच्या फोडी तो उचलून खाली टाकी आणि आजींकडे पाही. दुपारी घर निजले की तो हळूच म्हणे, “येतो हं!” आजींच्या पोटात कालवे. शेजारणीने कधी काळी आणून ठेवलेला सूर्यफुलाच्या बियांचा डबा फडताळात होता. आजींनी आधी चार बिया दिल्या. मग रोज मूठभर देऊ लागल्या. पोपट आनंदाने खाई आणि नंतर भाजीला तोंड लावीत नसे. वजन वाढतच होते, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. काटा भार दाखवतो, त्या भारात काय आहे ते दाखवत नाही.

तीन आठवड्यांनी, रात्री दहाच्या सुमारास पिंजऱ्यातून धपकन आवाज आला. हा झटका पूर्वीपेक्षा लांब होता. सूनबाईंनी शिकवल्याप्रमाणे केले : दिवा मंद केला, दांड्या आणि भांडी काढून घेतली, तळाशी मऊ टॉवेल पसरला, चोचीत पाण्याचा थेंबही घातला नाही आणि घड्याळ पाहत राहिल्या. नातीने कालावधी लिहिला. अण्णांनी डॉक्टरांना फोन लावला. त्या रात्री तीन झटके आले. दवाखान्यात नेताना गाडीत आजी मागच्या बाजूला बसल्या होत्या आणि त्यांचा नवकार अखंड चालू होता. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी सर्व सांगितले.

पोपट वाचला. तो चार दिवस दवाखान्यात राहिला. डॉक्टरांनी आजींना दोष दिला नाही. इतकेच म्हणाल्या की बहुतेक पोपट द्वेषाने नव्हे, लाडाने आजारी पडतात.

घरी परतल्यावर आजींनी वही मागितली. त्या दिवसापर्यंत त्यांनी तीत कधी काही लिहिले नव्हते. थरथरत्या अक्षरांत त्यांनी नोंद केली : “बिया मी दिल्या. त्याला आवडतात म्हणून दिल्या. मला बरे वाटावे म्हणूनही दिल्या. मिच्छामि दुक्कडम्.” ही क्षमा त्यांनी घरातील माणसांकडे मागितली की त्या पक्ष्याकडे, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाजी भरवण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले. त्या पोपटासमोर बसून स्वतः भोपळ्याची उकडलेली फोड चवीने खात आणि दुसरी त्याच्यापुढे धरीत. पोपट थव्यातील पक्षी, समोरचा जे खातो ते त्याला हवेसे वाटते. पंधरा दिवसांत त्याने फोड धरली, महिन्याभरात मागू लागला.

ठेव परत करताना

वैशाखापर्यंत वजन ४२० ग्रॅमच्या आसपास स्थिरावले. रक्ततपासणीचे आकडे सुधारले. कापलेली पिसे गळून नवी आली आणि जाळीच्या सज्जात पोपट एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेपावू लागला. छातीवरची काही जागा मात्र उघडीच राहिली. वारंवार उपटल्याने पिसांची मुळे कायमची नष्ट होतात आणि ती जागा पुन्हा भरत नाही. औषधही बंद होणार नव्हते. अशा रुग्णाचे बरे होणे म्हणजे दुखणे आटोक्यात राहणे, एवढेच.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर संस्थेचा निरोप आला. एका मध्यमवयीन जोडप्याकडे दुसरा एक करडा पोपट होता, मोठा मोकळा पक्षिगृहाचा वाडा होता आणि आजारी पक्षी सांभाळण्याचा अनुभव होता. दोन्ही पक्षी एकमेकांशी जमवून घेतात असे भेटींत दिसले होते. कायमचे घर मिळाले होते.

घरात तीन दिवस कोणी नीट जेवले नाही. नात रडली. सूनबाई म्हणाल्या, “आपल्याकडे काय कमी आहे? संस्थाही नाही म्हणणार नाही.” मुलगाही त्यांच्याच बाजूने होता. सर्वांचे लक्ष आजींकडे होते, कारण पोपट आता बराच वेळ त्यांच्याच खांद्यावर असे.

आजी म्हणाल्या, “माझं वय सत्तरीच्या पुढचं. तो अजून तीस वर्षं जगेल. आणि मी कितीही बोलले तरी मला त्याची भाषा येत नाही. तिथे त्याच्या जातीचा सोबती आहे.”

अण्णांनी वही मिटली. “ठेव म्हणून घेतला होता,” ते म्हणाले. “दुसऱ्याची ठेव वेळ आली की परत द्यायची. ती देताना जड जातं, तेव्हाच पेढीची पारख होते.” कोंडणे हा जसा बंध आहे, तसा आपल्याला सोडवत नाही म्हणून धरून ठेवणे हाही बंधच आहे, हे त्यांना इतक्या दिवसांनी उमगले होते. परिग्रह धनाचाच होतो असे नाही.

जाण्याच्या दिवशी वजन घेतले, ४२३ ग्रॅम. औषधे, दिवा, ओळखीची फांदी आणि ती लाल वही नव्या पालकांच्या हाती दिली. वर्षभराचा रोजचा हिशेब त्यात होता, कोणत्या दिवशी काय चुकले त्यासह. पेटीचे दार लागताना पोपट आपल्या सवयीने म्हणाला, “येतो हं!” नातीने प्रथमच त्याला उत्तर दिले, “ये हं.”

वाचकांनी ध्यानात घ्यावे असे काही

आपल्याकडील हिरवा राघू, म्हणजे गळ्यात कंठी असलेला पोपट, आणि त्याचे मोठे भाऊबंद हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना विकत घेणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. जखमी राघू सापडला तर त्याला घरी ठेवून न घेता वनविभागास कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. मदत येईपर्यंत छिद्रे असलेल्या खोक्यात मऊ कापड अंथरून, ऊब आणि अंधार मिळेल असे शांत जागी ठेवावे. चोचीत बळेच पाणी वा दूध घालू नये. संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नये. तो दोन्ही बाजूंनी कापून पक्षी तसाच उपचारासाठी न्यावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तो आपल्या दुकानात नसावा आणि आपल्या मुलांच्या हातीही नसावा.

परदेशी पोपटाचे तात्पुरते संगोपन करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने आधी नोंदणीची कागदपत्रे पाहावीत. पक्ष्यांचा जाणकार पशुवैद्य जवळ आहे का, याची खात्री करावी. पोपटांपासून माणसाला होणाऱ्या संसर्गाची तपासणी करून घ्यावी. करड्या पोपटाच्या पिसांतून बारीक भुकटी झडते, म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम पत्करू नये. आजार लपवणे हा पक्ष्याचा स्वभाव आहे. तो दुबळा दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. रोज सकाळी खाण्यापूर्वी घेतलेले वजन हाच खरा इशारा. दहा टक्के घट ही तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ समजावी.

मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून, ज्यांचा कोणाला उपयोग नाही अशा जीवांसाठी आपल्या समाजाने दाणा-पाण्याची सोय केली आहे. दान देणारे हात आपल्याकडे कधीच कमी नव्हते. आज त्या दानाला माहितीची जोड हवी आहे. भांडे भरणे पुरेसे नाही, त्यात काय भरले आहे हे पाहणारी दृष्टीही हवी.

त्या घरातील जाळीचा सज्जा काढलेला नाही. फांद्या धुऊन उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. पाडव्याला पेढीच्या वह्यांबरोबर अण्णांनी एक जादा वही आणली, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला आणि खालची ओळ कोरी ठेवली.